मोटारीच्या हाडांस लागणारा गंज

मोटारगाडी म्हातारी झाली म्हणजे तिचें इंजिन थकतें, हें सर्वांस ठाऊक आहे. आणि म्हणूनच जुनी गाडी विकत घेणारा मनुष्य प्रथम इंजिनाचा आवाज ऐकतो, मग धूर पाहतो, मग रंगावरून हात फिरवितो आणि किंमत बोलूं लागतो. गाडीखालीं वांकून पाहणारा विरळा. वस्तुतः इंजिन बिघडलें तर गाडी रस्त्यांत उभी राहते, एवढेंच. परंतु ज्या पोलादी सांगाड्यावर इंजिन, चाकें आणि आंत बसणारीं माणसें या सर्वांचा भार असतो, तो सांगाडा आंतून खाल्ला गेला असेल, तर गाडी उभी राहत नाहीं. ती चालतच राहते, आणि एखादे दिवशीं भर वेगांत खड्डा लागला कीं मोडते. मारेगांवांत आणि आसपासच्या खेड्यांत कपाशीचे पैसे हातीं आल्यावर जुनी मोटार घेणारीं कुटुंबें आतां पुष्कळ आहेत, आणि आमच्या शाळेंतील कित्येक मुलें अशाच गाड्यांतून दाटीवाटीनें रोज येतात-जातात. तेव्हां या विषयावर विद्यार्थ्यांसाठीं आणि त्यांच्या पालकांसाठींही चार गोष्टी लिहाव्या, असें आम्हांस वाटलें.

आपल्या वऱ्हाडांत यास जंग म्हणतात, पुस्तकांत गंज म्हणतात, वस्तु एकच. गव्हावर पडणाऱ्या रोगासही रंगाच्या सारखेपणामुळें तांबेरा हें नांव मिळालें आहे, पण ती बुरशी होय. लोखंडाच्या गंजास कोणताही जीव कारण लागत नाहीं. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हे तिघे एकत्र आले म्हणजे गंज होतो, आणि त्यांतील एकास दूर ठेवलें तर होत नाहीं. तीन परीक्षानळ्यांत खिळे घालून करावयाचा प्रयोग विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत केलेलाच आहे. साध्या पाण्यांतील खिळा गंजतो, उकळून वर तेलाचा थर दिलेल्या पाण्यांतील गंजत नाहीं, आणि कोरड्या हवेंतीलही गंजत नाहीं. त्याची पुनरुक्ति येथें नको. परंतु त्या प्रयोगांत न दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत, आणि मोटारीच्या बाबतींत त्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली ही कीं, ज्या लोखंडापासून गंज झाला त्या लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक जागा तो साधारणपणें व्यापतो. मोटारीचा सांगाडा म्हणजे पत्र्यावर पत्रा ठेवून ठिकठिकाणीं वितळवून जोडलेला असतो. या दोन पत्र्यांच्या मधल्या फटींत गंज धरला म्हणजे तो फुगतो, आणि भिंतीच्या फटींत उगवलेला पिंपळ जसा दगड हटवितो तसा जोड उसवीत जातो. शिवाय गंज हा स्पंजासारखा सच्छिद्र असतो. अॅल्युमिनियमच्या पातेल्यावर हवेमुळें जो अतिसूक्ष्म थर बसतो तो घट्ट असल्यामुळें खालच्या धातूचें रक्षण करितो. लोखंडाचा गंज मात्र रक्षण करीत नाहीं, उलट पाणी शोषून धरून ठेवितो, म्हणजे स्वतःच्या वाढीची सोय स्वतःच करितो.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे, आणि ती घरीं करून पाहण्यासारखी आहे. जुन्या लोखंडी विळीचें पातें किंवा साधा लोखंडी पत्रा पॉलिश पेपरनें लखलखीत घासा. कल्हईचा, जस्ताचा किंवा स्टेनलेस पोलादाचा पत्रा चालणार नाहीं. त्यावर मिठाच्या पाण्याचा हरभऱ्याएवढा एक थेंब ठेवा, आणि तो सुकूं नये म्हणून वर वाटी पालथी घाला. तास-दोन तासांनीं पाहाल तर थेंबाच्या अगदीं कडेचें लोखंड चकचकीत राहिलेलें दिसेल, त्याच्या आंत तांबूस रंगाचें एक कडें उमटलेलें दिसेल, आणि थेंब पुसून भिंगानें पाहिलें तर जेथें कडें आहे तेथें नव्हे, तर अगदीं मध्यभागीं लोखंड खाल्लें गेलें आहे, असें आढळेल. केंब्रिज येथील शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत या थेंबाचा बारकाईनें अभ्यास केला. थेंबाच्या कडेस हवेंतील प्राणवायु सहज पोंचतो, मध्यभागीं तो कमी पडतो. या कमी-अधिकपणामुळें कडा आणि मध्य यांच्यामध्यें एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि तींत जेथें प्राणवायु कमी तेथील लोखंड विरघळत राहतें. गंज दिसतो एकीकडे आणि लोखंड झिजतें दुसरीकडे!

या एका थेंबांत मोटारीची सारी कथा आहे. दारावर किंवा मडगार्डवर जेथें रंग उडाला आहे, तेथील तांबूस डाग सर्वांच्या डोळ्यांत भरतो आणि मालक अस्वस्थ होतो. पण तेथें हवा लागते, पाणी लवकर सुकतें, आणि तो पत्रा फारसा भार उचलीतही नाहीं. ती गाडीची कातडी होय. जेथें चिखल चिकटून बसला आहे, जेथें दोन पत्र्यांच्या मध्यें ओल अडकली आहे, जेथें पायपुसण्याखालचा गालिचा आठवडेच्या आठवडे ओला आहे, तेथें हवा पोंचत नाहीं, डोळाही पोंचत नाहीं, आणि नेमकीं तेथेंच गाडीचीं हाडें असतात.

कातडी आणि हाडें हा भेद नीट समजण्यासाठीं मोटारीची बांधणी थोडी पाहिली पाहिजे. जुन्या पद्धतीच्या गाडीस खालीं शिडीसारखा एक जाड पोलादी सांगाडा असतो. दोन लांब तुळ्या आणि त्यांस जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. यासच चेसिस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांत नांवाजलेली जीप अशीच होती. १९४५ सालीं पोलादाच्या व्यापारासाठीं निघालेल्या महिंद्रांच्या कंपनीनें थोड्याच वर्षांत मुंबईस तिची जुळणी सुरू केली, आणि आपल्या रस्त्यांवर दिसणारी बोलेरोदेखील याच शिडीच्या वंशांतली आहे. दुसऱ्या पद्धतींत स्वतंत्र शिडी नसते. तळ, छप्पर, खांब आणि दारांखालचे उंबरे हीं सर्व पातळ पत्र्याचीं वळवून, एकमेकांस जोडून एकच कवच बनवितात. फ्रान्समध्यें सिट्रोएन कंपनीनें १९३४ सालीं अशी गाडी मोठ्या प्रमाणावर काढली. आपल्याकडील प्रीमियर पद्मिनी अशीच होती, १९८३ च्या डिसेंबरांत आलेली मारुती ८०० अशीच, आणि आजच्या बहुतेक लहान मोटारीही अशाच आहेत.

शिडीच्या गाडींतील पोलाद कित्येक मिलिमीटर जाड असतें. कवचाच्या गाडींतील पत्रा बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास. मग एवढ्या पातळ पत्र्यावर चार-पांच माणसें आणि इंजिन कशीं पेलतात? त्याचें उत्तर पेटींत आहे. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, झांकण काढून दोन्ही हातांनीं पिळा. तो सहज पिळला जाईल. आतां त्याच खोक्यास झांकण लावून सर्व बाजूंनीं कागदी पट्टीनें चिकटवा आणि पुन्हां पिळून पाहा. पुठ्ठा तोच, पण आतां तो हात देत नाहीं. चारही भिंती बंद असलेली पोकळ पेटी पीळ सहन करिते. एक भिंत उघडी पडली कीं ती शक्ति एकदम नाहींशी होते. मोटारीच्या दारांखालचा उंबरा अशीच एक लांब बंद पेटी आहे, तळाखालच्या आडव्या तुळ्या अशाच पेट्या आहेत. गंजानें या पेटीचा खालचा पत्रा खाल्ला म्हणजे चार भिंतींपैकीं एक गेली, तीन चतुर्थांश बळ उरलें, असा हिशेब कोणी करूं नये; पेटीची उघडी पन्हाळ झाली, असें समजावें.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. समुद्र आपल्यापासून शेंकडों किलोमीटर दूर; खारी हवा नाहीं; मग येथें मोटारींस गंज कां लागावा, असें पुष्कळ जण विचारतात. पहिलें कारण आपली काळी माती. कपाशीस जी माती मोठी उपकारक तीच मोटारीस घातक, आणि दोहोंचें कारण एकच: ती ओल सोडीत नाहीं. पावसाळ्यांत शेताच्या वाटेनें गेलेल्या गाडीच्या चाकांच्या कमानींत, उंबऱ्यांच्या टोकांस आणि तुळ्यांच्या कोनांत हा चिखल पोटिसासारखा बसतो. वरून सुकून खडबडीत होतो, आंतून मात्र दिवसेंदिवस ओला असतो. तो जेथें चिकटला तेथें प्राणवायु कमी आणि शेजारीं अधिक. म्हणजे आमच्या थेंबाचीच मोठी आवृत्ति झाली. पेट्यांच्या आंत शिरलेलें पाणी वाहून जावें म्हणून कारखान्यांत त्यांच्या तळाशीं आणि दारांच्या खालच्या कडेस बारीक भोंकें ठेवलेलीं असतात. चिखलानें तीं बुजलीं म्हणजे पेटीचा हौद होतो. पुष्कळ गाड्यांच्या मालकांस हीं भोंकें आहेत हेंच माहीत नसतें. कित्येक तर धूळ येते म्हणून तीं डांबरानें बंद करवून घेतात!

दुसरें कारण याहून विचार करण्यासारखें आहे. पेरणीच्या दिवसांत खताच्या गोण्या गाडींत घालून आणणें ही आपल्याकडील नित्याची गोष्ट. गोणी कोठें तरी उसवलेली असतेच. दाणे पायपुसण्याखालीं, बाकांच्या सांध्यांत जातात, आणि पावसाळी हवेंत ओल शोषून विरघळतात. पोटॅश म्हणून जें खत बहुधा विकत मिळतें तें पोटॅशियम क्लोराइड होय. समुद्राच्या पाण्यांतील मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. दोहोंत क्लोराइड तेंच, आणि लोखंडाचा वैरीही तोच. तेव्हां मारेगांवांत समुद्र नाहीं, हें खरें असलें तरी खताच्या गोणींतून तो दरसाल थोडाथोडा गाडींत येतो. थंड देशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, त्यामुळें अमेरिकेच्या व कॅनडाच्या उत्तर भागांतील मोटारींचे तळ लवकर खाल्ले जातात. तेथें स्थायिक झालेल्या आपल्या लोकांस हा अनुभव चांगला परिचयाचा आहे. आपल्या गाडींत मीठ रस्त्यावरून न येतां वरून सांडतें, एवढाच फरक. बाजारास बकऱ्या नेणाऱ्या गाडीच्या तळाविषयीं आम्ही अधिक लिहीत नाहीं. वाचकांनीं समजून घ्यावें.

तिसरें कारण आपलें नव्हे, विकत घेतलेलें असतें. आपल्या जिल्ह्याच्या गाड्यांवर एम. एच. २९ हीं अक्षरें असतात. परंतु जुन्या बाजारांतून येणाऱ्या गाड्यांवर मुंबई, ठाणें, रत्नागिरी येथील क्रमांकही दिसतात. समुद्रकांठची हवा गाडीचें काय करिते, याचें उदाहरण म्हणजे मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती होत असे. पातळ पत्र्याच्या कवचाची ही गाडी भर पावसांत आणि खाऱ्या वाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालली, ती तिच्या मूळच्या पत्र्याच्या बळावर नव्हे. तळ आणि उंबरे वेळोवेळीं कापून नवे बसविणाऱ्या मुंबईच्या कारागिरांच्या बळावर चालली. ताडदेवच्या कचेरींत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा पुरी होऊन ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. शिवाय पुराची गोष्ट वेगळीच. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यांत हजारों मोटारी बुडाल्या. आणि मोठ्या शहरांत असे पूर त्यानंतरही आले आहेत. पुरांत बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, रंग देऊन चालूं होते, पण तिच्या बंद पेट्यांत गेलेला गाळ कोणी काढीत नाहीं.

विकत घेण्यापूर्वीं परीक्षा कशी करावी? यास महागडें यंत्र लागत नाहीं. लागतो तो संकोच सोडणें. जमिनीवर पोतें पसरून गाडीखालीं डोकें घाला, जवळ विजेरी, लहान हातोडी आणि बोथट पेचकस असूं द्या. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही जाऊं नये. जॅक सरकतो, आणि गंजलेल्या गाडींत तर तो पत्रा फोडून आंत शिरतो. गाडी खड्ड्यावर उभी करावी, नाहीं तर भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवावी. मग उंबऱ्यावर, तुळ्यांवर, स्प्रिंगा आणि शॉकअप जेथें अंगास जोडलेले असतात त्या जागांवर हलकेच ठोकत जावें. चांगलें पोलाद टणत्कार देतें. खाल्लेला पत्रा बदबद वाजतो, आणि लांबी भरलेली जागा तर मुकीच असते. पेचकसाचें टोक अंगठ्याच्या जोरानें दाबून पाहावें. विकणारा यास हरकत घेईल तर त्या हरकतींतच उत्तर आलें. आंतील गालिचा उचलून खालीं हात फिरवावा. ओल किंवा कुबट वास असेल तर पाणी कोठून येतें तें शोधावें. दार उघडून थोडें वर-खालीं करून पाहावें, आणि बंद करितांना तें उचलून लावावें लागतें काय, दाराच्या भोंवतालची फट सर्वत्र सारखी आहे काय, तें पाहावें. उंबरा खचला म्हणजे दार प्रथम बोलतें. ब्रेकच्या तेलाच्या बारीक पोलादी नळ्या बोटानें चांचपाव्या. त्या खरबरीत होऊन पापुद्रे सुटत असतील तर त्या दिवशीं ती गाडी चालवूं नये, मग ती कोणाचीही असो.

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं समुद्रकांठच्या एका शहरांतून अशीच एक मोटार आणविली. स्वतःचीं दोन आणि शेजाऱ्यांचीं तीन मुलें रोज शाळेंत पोंचविण्याचा त्यांचा बेत होता. रंग आरशासारखा, इंजिन शांत. चाक बदलण्यासाठीं उंबऱ्याखालीं जॅक लावला तेव्हां जॅक वर चढला, गाडी मात्र वर उठली नाहीं! वणीच्या एका जुन्या डेंटरास आम्ही ती दाखविली. त्यानें रंगाखालची लांबी हातोडीच्या दोन ठोक्यांनीं पाडली. आंत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून वर डांबर फांसलें होतें. बोळा उलगडून पाहतों तों वरची तारीख गाडी विकल्याच्या पंधरवड्यापूर्वींची! मागील बाकाचे सुरक्षापट्टे जेथें तळास जोडलेले असतात त्या जागेभोंवतीं पेचकस सहज आरपार गेला. म्हणजे अपघात झाला असता तर पट्टा मुलास धरून राहिला असता, आणि तळ पट्ट्यास सोडून गेला असता.

दुरुस्ती होऊं शकते काय? होऊं शकते, पण ती रंगाऱ्याचें काम नव्हे. लांबी ही खळगा भरण्याची वस्तु आहे, भार उचलण्याची नव्हे. फायबरचें कापड आणि राळ यांचेंही तसेंच. ब्रिटनमध्यें १९६० पासून मोटारींची सक्तीची तपासणी होते. तेथील नियम असा आहे कीं, चाकांचे सांधे, स्टिअरिंग, सुरक्षापट्टे यांच्या जोडापासून तीस सेंटिमीटरच्या आंत पत्रा गंजून दुबळा झाला असेल तर ती गाडी नापास. आणि तेथें लावलेलें ठिगळ कडेकडेनें सलग वेल्डिंग केलेलें पाहिजे, मध्यें मध्यें टांके मारलेलें चालत नाहीं. आपल्याकडे कोणी विचारीत नसलें तरी हें माप लक्षांत ठेवण्यासारखें आहे. योग्य दुरुस्तींत गंजलेला भाग चमकणारें निकोप पोलाद लागेपर्यंत कापून काढतात. गंजावरच नवा पत्रा ठेवून झाळलें तर वेल्डिंग धरीत नाहीं, आणि धरलें तरी खालचा रोग वाढतच राहतो. नवा तुकडा मूळ पत्र्याच्याच जाडीचा असावा. फार जाड घातला तर त्याच्या कडेस जुना पातळ पत्रा फाटूं लागतो. उंबरा कापण्यापूर्वीं गाडी सपाट आधारावर ठेवून दाराच्या चौकटींत आडवा टेका द्यावा लागतो, नाहीं तर गाडी मध्यें किंचित् वांकते आणि काम झाल्यावर दार बसत नाहीं. बॅटरीच्या तारा सोडाव्या, गालिचे काढावे, पेट्रोलची टांकी जवळ असेल तर ती उतरवावी. या एका गोष्टींत घाई केल्यानें गाड्या जळाल्या आहेत. आणि शेवटचें काम, जें बहुतेक ठिकाणीं राहून जातें: वेल्डिंगच्या उष्णतेनें पेटीच्या आंतला रंग जळून जातो, म्हणून बाहेरून जस्ताचा प्राइमर व रंग दिल्यावर तळच्या भोंकांतून नळी घालून आंत मेणाचा फवारा मारावा लागतो. तें न केल्यास नवें ठिगळ जुन्या पत्र्यापेक्षांही लवकर जातें.

शिडीच्या गाडीस हें काम सोपें वाटतें, कारण पोलाद जाड असतें. पण चेसिसच्या तुळीवर सरळ आडव्या रेषेंत वेल्डिंग केलें तर तीच रेषा पुढें चिरते. समजदार कारागीर ठिगळास शंकरपाळ्याचा आकार देतो, म्हणजे भार एका रेषेवर पडत नाहीं. असा कारागीर भेटला तर चार पैसे अधिक द्यावे.

दुकानांतून गंज बदलून काळा करणारें द्रव्य मिळतें, त्याविषयीं पालक विचारतात. त्यांतील एक प्रकार टॅनिनचा असतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत. हिरड्यांतील टॅनिन आणि हिराकशींतील लोह यांचा संयोग होऊन ती काळी होई. गंजावर हें द्रव्य लाविलें म्हणजे तोच संयोग होतो, आणि वर रंग धरण्याजोगा थर तयार होतो. वरवरच्या गंजास तें चांगलें; परंतु पत्रा जेथें उरलाच नाहीं तेथें शाईनें तो परत येत नाहीं.

ज्यांची गाडी अजून शाबूत आहे त्यांनीं करावयाचें काम फार थोडें आहे, आणि तें मुलांनींही करण्यासारखें आहे. पावसाळ्यांत आठ-पंधरा दिवसांनीं, आणि पाऊस संपल्यावर एकदां सावकाश, गाडीची पाठ न धुतां पोट धुवावें. चाकांच्या कमानींत पाण्याची नळी धरून चिखल मऊ होऊं द्यावा आणि खराट्याच्या काडीनें काढावा. उंबऱ्यांचीं व दारांचीं भोंकें त्याच काडीनें मोकळीं करावीं. घाण पाणी भळभळ बाहेर येतांना पाहून मुलांस फार गंमत वाटते. मग दारें उघडीं टाकून, पायपुसणीं काढून, गाडी एक दिवस उन्हांत ठेवावी. खत आणावयाचें तर खालीं ताडपत्री अंथरावी आणि घरीं आल्यावर तळ झाडून घ्यावा. तळास जळकें इंजिन-तेल फांसण्याची चाल आहे. त्यानें थोडा उपयोग होतो हें खरें, परंतु तें रबरी भाग खातें, ब्रेकवर जातें आणि अंगणाची माती नासवितें, म्हणून आम्हांस ती पसंत नाहीं. डांबरी लेप मात्र निकोप, कोरड्या पत्र्यावरच द्यावा. गंजावर दिला तर ती जखमेवर बांधलेली ओली पट्टी होते.

कायद्याची तपासणी यांत फारशी मदत करीत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, आणि त्यानंतर गाडी दाखवून ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. म्हणजे पहिलीं पंधरा वर्षें गाडीखालीं कोण पाहतो, तर मालक पाहील तोच. भाड्यानें चालणाऱ्या गाड्यांस योग्यतेचें प्रमाणपत्र वरचेवर घ्यावें लागतें. मुलांना शाळेंत आणणाऱ्या गाडीचें तें पालकांनीं मागून पाहावें, त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं.

वर सांगितलेल्या गृहस्थांस डेंटरानें जो खर्च सांगितला तो गाडीच्या किंमतीच्या निम्म्याच्या घरांत होता, आणि तो करूनही सर्व पेट्या आंतून पाहिल्या असें त्यास म्हणतां येईना. पुन्हां लांबी भरून ती दुसऱ्यास विकण्याची सूचना एका दलालानें केली. त्यांनीं ती ऐकली नाहीं. मुलें एस. टी. नें शाळेंत येऊं लागलीं, आणि गाडी त्यांनीं मोडीस दिली. अशी गाडी रस्त्यावरच्या भंगारवाल्यास न देतां सरकारमान्य मोडकेंद्रास द्यावी. त्याविषयींचे नियम २०२१ सालीं झाले आहेत. तेथें जमा केल्याचें प्रमाणपत्र मिळतें, नवी गाडी घेतांना त्याचा फायदा होतो, आणि नोंदणी रद्द झाल्यामुळें आपल्या क्रमांकाची गाडी दुसरा कोणी चालवील ही भीति राहत नाहीं. पुढें असें पोलाद भट्टीकडे जातें. आपल्या महाराष्ट्रांत जालन्यास भंगार वितळवून घरबांधणीच्या सळया करणारे मोठे कारखाने आहेत. गंज हा शुद्ध लोखंड नसल्यामुळें भट्टींत तितकें वजन भरत नाहीं. म्हणून भंगार घेणारा व्यापारी काट्यावर घालण्यापूर्वीं पत्रा हातोडीनें ठोकून पाहतो, आणि जेवढे पापुद्रे खालीं गळतात तेवढे सोडून उरलेल्याचेच पैसे देतो.